जळगावच्या उन्हात स्प्लिट एसी: घरीच बसवायचा, कंपनीच्या पोरांकडून की मिस्त्रीकडून?

एसी कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर सगळेच बोलतात, पाच स्टार की तीन स्टार, कुठल्या कार्डावर किती सूट, पण तो भिंतीवर बसवतो त्या माणसाबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही. आपल्याकडे एसी नीट चालणं हे निम्मं तरी फिटिंगवर असतं असं माझं आता पक्कं मत झालंय, म्हणून हा रिव्ह्यू एसीचा नाही, फिटिंगचा आहे. आमच्या घरात आणि धुळ्याला बहिणीकडे मिळून तीन एसी तीन वेगळ्या पद्धतीने बसलेत. सासूबाईंच्या खोलीतला कंपनीने पाठवलेल्या पोरांनी बसवला, बहिणीकडचा दाजींनी स्वतः घरी बसवला आणि आमच्या बेडरूमचा भुसावळहून येणाऱ्या एका मिस्त्रींनी. तिन्ही दीड टनाचे, तिन्ही इन्व्हर्टर, तिन्हीत आर-32 गॅस, त्यामुळे तुलना करायला सोपं पडतं.

निकाल आधीच सांगून टाकते. पट्टी मारणं, आउटडोअर स्टँडवर चढवणं, वेगळी लाईन ओढणं, ड्रेन काढणं हे हाताला कसब असलेला माणूस घरी करू शकतो आणि कंपनीच्या पोरांपेक्षा चांगलंही करू शकतो. पण तांब्याच्या पाईपचा जोड आणि व्हॅक्यूम, म्हणजे पाईपमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं, या दोन गोष्टींना पैसे द्या, आणि ज्याच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आहे त्यालाच द्या. पंप नसलेला कारागीर आणि आपण घरी केलेलं, यात मला तरी फारसा फरक दिसला नाही.

आता आपल्याकडेच हे इतकं का महत्त्वाचं ते सांगते. दीड टन म्हणजे साधारण 18,000 बीटीयू, पण हा आकडा बाहेर 35 डिग्री धरून मोजलेला असतो. जळगाव-भुसावळला 35 डिग्री म्हणजे मार्चमधली सकाळ. एप्रिल सरला की 43-44 रोजचंच, मे मध्ये पारा 45 च्या वर जातो आणि गच्चीवर आउटडोअर ठेवला असेल तर स्लॅबची धग वेगळीच, म्हणजे मशीन जी हवा ओढतं ती त्याहूनही गरम. अशा वेळी एसीची ताकद आधीच कमी पडत असते, त्यात गॅस थोडा जरी कमी असला, आत थोडी जरी हवा राहिली असली, तरी दुपारी दोन वाजता खोली 30 च्या खाली यायला तयार होत नाही. पुण्याला हाच एसी अशाच अर्धवट फिटिंगवर चार वर्षं बिनबोभाट चालेल आणि कुणाला कळणारही नाही, इकडे दोन-तीन उन्हाळ्यांतच उघडं पडतं.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक शनिवार-रविवारी घरच्या घरी एसी बसवतात ते व्हिडिओ आमच्या दाजींनी बघितले होते, मीही नंतर बसून बघितले, आणि त्यात एक मोठा फरक आहे जो आपल्याकडे कुणी सांगत नाही. तिकडे मिस्टरकूलसारख्या कंपनीचे खास डीआयवाय सेट मिळतात, त्यांच्या पाईपमध्ये गॅस आधीच भरून सील केलेला असतो, दोन टोकं पान्याने आवळली की सील आतून उघडतं आणि काम झालं, व्हॅक्यूमचा प्रश्नच येत नाही. पाईप मात्र ठरलेल्या लांबीचा, 25 फूट वगैरे, उरला तर वेटोळं करून मागे ठेवायचा. शिवाय तिकडे गॅसचं काम करायला ईपीएच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याच्या, कलम 608 चं सर्टिफिकेट लागतं आणि माणूस बोलावून बसवायचं तर बिल हजारो डॉलरमध्ये जातं, तेव्हा त्यांचं स्वतः बसवणं परवडतं, समजण्यासारखं आहे. आपल्याकडे दुकानातून येतो तो साधा स्प्लिट, त्यात सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडलेला असतो, पाईप रिकामा असतो आणि त्यातली हवा बाहेर काढायचं काम बसवणाऱ्याचं. आणि मजुरी किती, तर दीड-दोन हजार. एवढ्यासाठी घरी करायला गेलं तर चांगल्या पंपालाच त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे लागतात, वर आर-32 चं मीटर, फ्लेअरिंग टूल (जोडासाठी पाईपचं तोंड पसरवायचं, त्या पसरट तोंडाला फ्लेअर म्हणतात), पाईप कटर, हॅमर मशीन. एका एसीसाठी हे गणित बसत नाही, दुकान टाकायचं असेल तर गोष्ट वेगळी.

कंपनीच्या फिटिंगबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला नाही वाटत हा एका कंपनीचा प्रश्न आहे. ऐन मे मध्ये घेतलेला एसी, डिलिव्हरी झाली तरी फिटिंगवाले येईनात, फोनवर फोन, शेवटी भर दुपारी दोन पोरं आली. वीस-बावीस वर्षांची असतील, चेहरे उन्हाने काळवंडलेले, त्यांची त्या दिवसाची अजून बरीच घरं बाकी होती. मी ताक दिलं तर उभ्या उभ्या प्यायली. त्यांना एका फिटिंगमागे पैसे मिळतात, तासावर नाही, मग ती घाई करणारच ना. छन्नी-हातोड्याने भिंतीला भोक, प्लास्टरचा हा एवढा टवका गेला, पाईप ओढला, नट आवळले, आणि मग आउटडोअरचा एक व्हॉल्व्ह थोडा उघडून दुसऱ्या बाजूने फुस्स करून हवा सोडली, झालं व्हॅक्यूम. स्टँड वेगळा, जास्तीचा पाईप वेगळा, वायर वेगळी असं करत 'फ्री इन्स्टॉलेशन'चे चार हजाराच्या वर गेले, पावती मागितली तर अर्ध्याच रकमेची. गारवा सुरू झाला, सासूबाई खूश, पोरं गेली.

ते फुस्स करणं पूर्वी आर-22 च्या काळात सर्रास चालायचं आणि जुन्या हातांना तीच सवय आहे, नव्या पोरांनी त्यांच्याकडून उचलली. पण आर-32 चं तसं नाही. एक तर याच्या कंप्रेसरमधलं तेल वेगळं असतं, सिंथेटिक, ते ओल लगेच ओढून घेतं आणि ओल मुरली की आत ॲसिड तयार होऊन कंप्रेसर हळूहळू खातं. दुसरं, आर-32 चा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त, 45 डिग्रीला बंद मशीनमध्येसुद्धा 390 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास, म्हणजे जोडात केसाएवढी फट असली तरी गॅस निघत राहणार. तिसरं म्हणजे हा गॅस सौम्य का होईना ज्वलनशील आहे, जवळ कुणी बिडी पेटवलेली असेल तर तो खोलीत सोडणं ही गंमत नाही. आणि जो गॅस फुस्स करून सोडला तो तुमच्या पैशाचा, मोजून भरलेला गॅस होता.

सासूबाईंच्या खोलीतला तो एसी तिसऱ्या उन्हाळ्यात ढेपाळला. वॉरंटीत तक्रार केली तर सांगितलं की गॅस वॉरंटीत येत नाही, गॅस चार्जिंगचे तीन हजार होतील. ते ऐकून मी भुसावळच्या मिस्त्रींना बोलावलं, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

आता दाजींचं. आमचे दाजी वर्कशॉपमधले, आयुष्य लोखंडात गेलंय, त्यांच्या हाताची सफाई बघावी. त्यांनी बहिणीकडचा एसी स्वतः बसवला आणि मी अगदी मनापासून सांगते, तिन्हीत सगळ्यात देखणं फिटिंग त्यांचंच आहे. भोक कोअर कटरने गोल आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतारावर, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. इनडोअरची पट्टी लेव्हल बाटली लावून सरळ. मेन बोर्डापासून एसीसाठी वेगळी 4 स्क्वेअरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आणि अर्थिंग तर असं की मी घरी येऊन आमचंही तसंच करून घेतलं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरडीठाक होते, तेव्हा अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो, म्हणून त्यांनी खड्ड्यात पाईप उभा ठेवलाय आणि मार्चपासून दर काही दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओततात. कंपनीची पोरं हे कधी बघणार? त्यांनी तर आमच्याकडे फ्रिजच्या पॉइंटवरूनच वायर घ्यायची तयारी केली होती, मी अडवलं म्हणून नाही घेतली.

पण दाजींकडे पंप नव्हता. फ्लेअरिंग टूल त्यांनी स्वस्तातलं मागवलं होतं, हवा त्यांनीही व्हॉल्व्ह उघडूनच सोडली. पहिला उन्हाळा एकदम मस्त, सगळ्या पाहुण्यांना दाखवून झालं. दुसऱ्या वर्षी मे मध्ये आउटडोअरजवळ बारीक पाईपच्या नटावर बर्फाचा पांढरा थर दिसायला लागला आणि खोलीत नुसता पंख्यासारखा वारा. बारीक पाईपवर असा बर्फ म्हणजे बहुतेक वेळा गॅस कमी झालेला असतो. तिकडच्या एका मेकॅनिकला बोलावलं, फ्लेअर एका बाजूला पातळ आलं होतं, नट खूप आवळल्यामुळे तिथेच बारीक चीर गेली होती. गॅस भरायचा खर्च, जोड नव्याने करायचा खर्च, वर हत्यारांना घातलेले पैसे. बहिणीच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कितला पैसा वाचनात, सांग बरं माले?" दाजी काही बोलले नाहीत, पण मी त्यांच्या बाजूने बोलते: दहातली आठ कामं त्यांनी कुठल्याही कारागिराला लाजवेल अशी केली होती, फक्त ती दोन कामं अशी आहेत की ती लोखंडाच्या अनुभवाने येत नाहीत. तांबं मऊ असतं, त्याला जोर नको असतो, नेमका दाब हवा असतो. पाव इंची पाईपच्या नटाला साधारण 15-18 न्यूटन मीटर (हे आवळायच्या जोराचं माप) आणि अर्ध्या इंचीला 50-55 च्या आसपास, मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. दाजींच्या हातात जो जोर आहे तो एक्सलचे नट आवळायचा.

बरं, आता मिस्त्री. हे भुसावळहून येतात, आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेले, पन्नाशीच्या पुढचे. माझ्या शाळेतल्या एका मॅडमनी नंबर दिला होता. मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला की दादा, व्हॅक्यूम पंप आणता का, तर म्हणाले, "ताई, पंपाशिवाय मी जिना चढत नाही." येताना दोन पिशव्या आणि तो पंप. मार्चमध्ये बोलावलं होतं, सकाळी आठला आले, ऊन व्हायच्या आत बाहेरचं काम उरकायचं म्हणून. ही सूचना त्यांचीच आणि अगदी बरोबर आहे, मे च्या दुपारी तापलेल्या गच्चीवर कुणीही माणूस काम नीट करू शकत नाही, तुम्ही कितीही पैसे द्या.

मी स्टूल टाकून बसले होते आणि प्रश्न विचारत होते, त्यांना त्याचा राग नाही आला, उलट दाखवत होते. पाईप करवतीने नाही कापला, छोट्या कटरने गोल फिरवत फिरवत, दर फेरीला थोडंसंच आवळत. कापल्यावर आतल्या कडेला बारीक कीस राहतो, तो काढताना पाईपचं तोंड जमिनीकडे, म्हणजे कीस आत पडत नाही, खाली पडतो. हे एवढंसं वाटतं पण तो तांब्याचा कण आत गेला तर फिरत फिरत व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मग नट आधी पाईपवर चढवला, त्यानंतर फ्लेअर केलं. फ्लेअर झाल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून कडेने बघितलं, बोटाने फिरवून बघितलं, आणि मला तर काही दिसलं नाही पण ते म्हणाले रेघ आहे, कापला परत. बोटभर तांबं वाया गेलं, नव्याने केलं. दुसरं बघितलं, मान हलवली, तेलाचा एक थेंब लावला, नट आधी नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरवला, आणि मगच दोन पाने घेतले, एकाने धरायचं, एकाने आवळायचं. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळता येतं तो, नव्हता त्यांच्याकडे, हाताच्या अंदाजाने केलं, हे एक मी वजा धरते. असायला हवा.

मग पंप लावला. पंप गुरगुरत होता आणि आम्ही चहा घेत होतो तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं की हे नुसतं हवा काढणं नाहीये, ओल काढणं आहे. दाब इतका खाली न्यायचा की पाईपच्या आत कुठे पाण्याचा अंश असेल तर तो साध्या खोलीच्या तापमानाला उकळून, वाफ होऊन पंपातून निघून जाईल. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला 7,60,000 मायक्रॉन (व्हॅक्यूम मोजायचं माप) धरतात आणि फिटिंगमध्ये तो 500 च्या खाली न्यायचा असतो, कुठे 7,60,000 आणि कुठे 500. व्हॉल्व्ह उघडून फुस्स केल्याने हे जन्मात होणार नाही. त्यांच्याकडे डिजिटल मायक्रॉन मीटर होतं, आकडा खाली खाली येताना मी बघितला. 500 च्या खाली गेल्यावरही लगेच बंद नाही केलं, अजून थोडा वेळ चालवलं, मग पंपाचा कॉक बंद करून नुसतंच थांबले. आकडा परत चढला तर कुठेतरी लीक आहे किंवा आत ओल आहे. थोडासा चढला आणि स्थिरावला. "आता गॅस सोडू," म्हणाले, आणि ॲलन कीने दोन्ही व्हॉल्व्ह उघडले, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघितलं. नायट्रोजनने प्रेशर टेस्ट नाही केली. मी विचारलं तर म्हणाले पाईप लांब असेल, मध्ये ब्रेझिंगचा, म्हणजे तापवून डाग दिलेला, जोड असेल तर सिलेंडर आणतो, तीन-चार मीटरच्या सरळ पाईपला व्हॅक्यूम धरला की पुरतं. हे मला अर्धंच पटलं, कारण व्हॅक्यूममध्ये धरणारा जोड 390 पीएसआयला धरेलच असं नाही. पण साबणाची टेस्ट केली, ती कंपनीच्या पोरांनी केलीच नव्हती.

त्याच दिवशी त्यांच्याकडून सासूबाईंच्या खोलीतला एसीही बघून घेतला. आउटडोअरच्या जाड पाईपच्या नटाभोवती तेलकट काळा डाग, त्यावर धूळ चिकटलेली. तेल दिसलं की समजायचं गॅस तिथूनच गेलाय, कारण गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, तेव्हा मीटर नसलं तरी टॉर्च घेऊन तुम्ही स्वतः हे बघू शकता. त्यांनी उरलेला गॅस काढून घेतला, जोड कापून नव्याने केला, परत व्हॅक्यूम, आणि मग सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस भरला. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या स्टिकरवर लिहिलेलंच असतं. मी आजवर जेवढे गॅस भरणारे बघितले ते सगळे मीटरवरचा काटा बघून, पाईप हाताने चाचपून "झालं भो" म्हणणारे, ग्रॅममध्ये मोजणारा हा पहिलाच माणूस. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसरचा वेग सारखा बदलतो त्यामुळे काट्यावरून गॅस किती ते नीट कळत नाही, वजनच करायला हवं.

पैशांचं सांगते: नव्या एसीच्या फिटिंगचे व्हॅक्यूम धरून 1,800, स्टँडचे 900, जास्तीच्या दोन मीटर पाईपचे मीटरला 900 प्रमाणे. कंपनीच्या फिटिंगपेक्षा एकूण तीनशे-साडेतीनशे जास्तच गेले म्हणा. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यात जे पैसे वाचतात त्यातले हजारभर फिटिंगला घातले तर काय बिघडतं. एक मात्र आधी बघून घ्या, काही कंपन्या त्यांच्याच माणसाने फिटिंग केलं नाही तर वॉरंटी देताना खळखळ करतात, म्हणून वॉरंटी कार्ड वाचा. आमच्या बेडरूमच्या कंपनीने बाहेरचा कारागीर चालेल असं लेखी दिलं होतं. तसं नसेल तर कंपनीच्याच माणसाला बोलवा पण बुकिंग करतानाच सांगा की पंप आणला नाही तर काम करू देणार नाही, आणि पंपाचे जास्तीचे पैसे द्यायची तयारी ठेवा. अडून बसलं की आणतात, पंप सेंटरवर असतो, जिन्यावर चढवायचा कंटाळा असतो इतकंच.

ड्रेनबद्दल वेगळं लिहिते कारण हे खास आपल्याकडचं आहे. एप्रिल-मे मध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी जेमतेम पडतं, त्यामुळे ड्रेनचा उतार चुकलेला असला तरी कळत नाही. मृगाचा पाऊस झाला, हवा दमट झाली की बादलीभर पाणी यायला लागतं आणि मग इनडोअरमधून भिंतीवर ओघळ, गादी ओली, भिंतीचा रंग फुगलेला, आणि तोवर फिटिंगवाला फोन उचलत नाही. म्हणून फिटिंगवाला घरात असतानाच इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओतायला लावा आणि बाहेर सगळं पडतंय का बघा. मिस्त्रींनी हे न सांगता केलं. दाजींनीही केलं होतं. कंपनीच्या पोरांना सांगितलं तर एकमेकांकडे बघायला लागली.

आउटडोअरची जागा हाही आपल्याकडे मोठा विषय आहे. पश्चिमेची भिंत नको, दुपारभर ऊन खाते. आमच्याकडे पूर्वेच्या बाजूला जिन्याच्या सावलीत लावला. गच्चीवरच ठेवावा लागला तर स्लॅबपासून फूट-दीड फूट उंच स्टँडवर, आणि वर सावली करायची असेल तर ती उंचावर, पत्र्याचं खोकं करून चारी बाजूंनी झाकू नका, आतली गरम हवा आतच फिरते आणि मशीन गुदमरतं. शेजारी एकांनी हिरवी नेट मशीनला घट्ट गुंडाळली होती, वावटळीची धूळ जाऊ नये म्हणून, आणि मग एसी ट्रिप होतो म्हणून तक्रार. धुळीसाठी मार्चमध्ये एकदा मेन स्विच बंद करून पाईपने हलक्या धारेने कॉइल धुवायची, हे काम प्रत्येकाने घरी करावं, याला माणूस बोलवायची अजिबात गरज नाही.

आणि ज्यांना अजून कूलरच पुरतोय त्यांनी उगाच घाई करू नये. आपल्या कोरड्या मे मध्ये चांगला मोठा कूलर, नवा वाळा घातलेला, खोलीचं तापमान खरंच खाली आणतो आणि लाईट बिल कितीतरी कमी. एसीची खरी गरज जून-जुलैच्या उकाड्यात आणि पुन्हा ऑक्टोबर हीटमध्ये, जेव्हा कूलर नुसता चिकचिकाट करतो, किंवा घरात सासूबाईंसारखं दम्याचं माणूस असेल तेव्हा. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी मात्र लावू नका, कूलरने घातलेली ओल काढण्यातच एसीची ताकद जाते.

मिस्त्रींना मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा टॉर्क पाना आणि नायट्रोजनसाठी कापला. कंपनीच्या फिटिंगला दोन, तेही त्या पोरांच्या मेहनतीकडे बघून, त्यांना वेळ आणि पंप दिला तर ती नक्की चांगलं करतील. दाजींच्या कामाला वायरिंग, अर्थिंग, ड्रेन यांचे पाचपैकी पाच आणि गॅसच्या कामाचा एक. पुढच्या वर्षी हॉलमध्ये एसी घ्यायचाय, तेव्हा दाजींना आदल्या दिवशीच जळगावला मुक्कामाला बोलावणार आहे, भोक, स्टँड, लाईन, अर्थिंग ते करतील, आणि सकाळी आठला मिस्त्री येऊन जोड आणि व्हॅक्यूम करतील, दोघांशी बोलणं झालंय, आणि मिस्त्री म्हणालेत की भोक आणि स्टँड तयार असेल तर मजुरी 1,200 च घेईन.